गुंजीची गार आणि पोकळीतले स्फटिक

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याच्या वाटेला लागलं की गुंजी-लोंढ्याच्या टापूत तांबड्या मातीतून डोकावणारे पांढरे दगड सारखे नजरेस पडतात. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या पात्रात, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत ते असतात. लोक त्यांना गार किंवा गारगोटी म्हणतात. ही गार म्हणजे क्वार्ट्झ. प्रदर्शनांत आणि शोभेच्या दुकानांत ठेवलेले टोकदार, पाण्यासारखे नितळ स्फटिकांचे गुच्छ तेही क्वार्ट्झच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या जोडून जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा ठरतो. वर एवढी गार दिसते म्हणजे खाली गुच्छांची खाणच असणार, असा तो निष्कर्ष. हातोडा-छिन्नी घेऊन दगड शोधायला निघणारी हौशी मंडळी बहुतेकदा याच भरवशावर निघतात, आणि दिवसभर पांढरे धोंडे फोडून हात हलवत परततात. गुच्छ मिळणार की नाही हे खनिजाच्या नावावर ठरत नाही, त्या खनिजाला वाढायला मोकळी जागा मिळाली होती का यावर ठरतं. ही एक गोष्ट नीट समजली की स्फटिक शोधणं, ओळखणं, उचलणं आणि जपणं यांविषयीचे बाकीचे गैरसमजही तिच्या आधाराने तपासता येतात.

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची, म्हणजेच सिलिकेची, नियमित, आवर्ती मांडणी. थंड पाण्यात सिलिका नगण्य विरघळते, पण जमिनीखाली दाबाखालच्या, शंभर-दोनशे अंशांहून गरम पाण्यात तिचं प्रमाण कितीतरी पट वाढतं. असं पाणी खडकाच्या भेगांतून वर येताना निवलं की जास्तीची सिलिका भिंतींवर बसू लागते. सुरुवातीला भिंतीवर असंख्य बारीक कण एकमेकांना खेटून, वाटेल त्या दिशेला तोंड करून वाढतात. त्यांतले आडवे वाढणारे शेजाऱ्यांवर आदळून थांबतात, तर भिंतीशी काटकोनात उभे असलेले पुढे सरकत राहतात. चांगला गुच्छ भिंगाखाली धरला तर हा सगळा झगडा त्यात दिसतो. बुडाशी दुधाळ, दाटीवाटीचा थर असतो, वर मोजकेच जाड स्फटिक असतात आणि त्यांची टोकं बुडापेक्षा स्वच्छ असतात. दुधाळपणा बहुधा वाढीच्या वेळी अडकलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे येतो. प्रत्येक स्फटिकाच्या सहा बाजूंवर आडव्या बारीक रेषा असतात. स्फटिक लहान असो वा मोठा, सरळ असो वा वेडावाकडा, शेजारच्या दोन बाजूंमधला कोन मात्र 120 अंशच भरतो. निकोलस स्टेनो याने 1669 मध्ये कोनांचा हा कायमपणा नोंदवला आणि पुढचं स्फटिकशास्त्र त्यावर उभं राहिलं. टोक तयार होण्यासाठी मात्र समोर पोकळी लागते. भेग अरुंद असली, किंवा सिलिका इतकी आली की दोन्ही भिंतींवरचे थर मधोमध येऊन मिळाले, तर टोकांना जागाच उरत नाही. मग हाती येते ती सलग पांढरी गार.

खानापूर-लोंढा पट्ट्यातले मुख्य खडक धारवाडी गटातले आहेत. शिस्ट, फायलाइट, ग्रेवॅक असे हे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या जन्मानंतर त्यांना घड्या पडल्या, ते दाबले गेले, खोल तापले आणि पुन्हा वर आले. त्या हालचालींत पडलेल्या भेगा सिलिकेने भरल्या आणि गारेच्या शिरा झाल्या. यांतल्या बऱ्याच शिरा नंतरच्या दाबात चेपल्याही गेल्या, त्यामुळे कुठे पोकळी उरली असलीच तरी ती टिकण्याची शक्यता कमी. मग पाऊस आणि ऊन यांनी आजूबाजूचा शिस्ट कुजवून त्याची माती केली. क्वार्ट्झ मात्र रासायनिक झिजेला सहज दाद देत नाही, म्हणून गार मागे उरली आणि मातीत पसरली. शेतात दिसणारी गार अशी साठलेली असते. खडकात तिचा वाटा थोडा असला तरी बाकीचं वाहून गेल्यामुळे ती डोळ्यांत भरते. वर दिसणाऱ्या प्रमाणावरून खालच्या साठ्याचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळेच.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. आल्प्स पर्वतातले जगप्रसिद्ध स्फटिक रूपांतरित खडकांतल्या भेगांमध्येच मिळतात, आणि आपल्याकडे कुलूच्या बाजूचे नितळ क्वार्ट्झही हिमालयाच्या अशाच खडकांतले आहेत. मग धारवाडी शिस्टमध्ये का नसावेत? नसतातच असं म्हणणं चूक ठरेल. शिरेच्या मध्यभागी बोटभर पोकळी राहून तिच्यात बारीक टोकं वाढलेली कुठेही मिळू शकतात. पण आल्प्स आणि हिमालय हे तरुण पर्वत आहेत. तिथे खडक वर उचलला जात असताना, बाकीची घडामोड संपत आल्यावर भेगा उघडल्या, आणि त्या चेपल्या जाण्याआधी तिथवर माणूस पोचला. आपल्याकडच्या शिरांच्या वाट्याला त्यानंतरचा फार मोठा इतिहास आला. म्हणून गुंजीच्या परिसरात गार पाहताना धोंडा फोडण्यापेक्षा शिरेचा आडवा छेद पाहावा. दोन्ही कडांकडून आत येणारे थर मधोमध जिथे मिळतात तिथे एक अस्पष्ट रेघ असते, आणि पोकळी असलीच तर ती त्या रेघेवर असते. रेघ सलग असेल तर हातोडा खाली ठेवावा.

उत्तरेला चिकोडी-निपाणी-कोल्हापूरकडे गेलं की चित्र पालटतं. तिथला काळा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. हा लाव्हा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. धारवाडी खडकांच्या मानाने तो कालचा, आणि मुख्य म्हणजे त्यात तयार पोकळ्या आहेत. लाव्हा निवताना त्यातले वायू वर चढतात आणि थराच्या माथ्याजवळ बुडबुड्यांच्या रूपात अडकतात. विहीर खणणारे ज्या मऊसर, ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, तो याच बुडबुड्यांचा आणि नंतर ते भरून गेल्याचा खडक. इथे आणखी एक पक्का रुजलेला समज आडवा येतो. लाव्हा थिजला तेव्हाच आतले स्फटिक झाले, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात बेसॉल्टमध्ये सिलिका सुमारे पन्नास टक्के असली तरी ती इतर खनिजांत गुंतलेली असते, मोकळ्या क्वार्ट्झच्या रूपात सहसा दिसत नाही. खडक घट्ट झाल्यावर त्यातून पाणी मुरलं, त्याने ज्वालामुखी काच आणि खनिजं विघटित केली, आणि सुटलेली सिलिका पोकळ्यांत नेऊन बसवली. काही पोकळ्यांतल्या अॅपोफिलाइटचं वय मोजलं गेलं आहे, आणि ते बेसॉल्टपेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघालं आहे. पोकळीचा छेद पाहिला तर हा क्रम थरांत वाचता येतो. भिंतीला लागून हिरवट मातीसारखा पातळ लेप असतो, त्यावर अकीक किंवा कॅल्सिडोनीची पट्टी, त्यावर क्वार्ट्झची टोकं, आणि बरेचदा सर्वांत शेवटी स्टिल्बाइट, अॅपोफिलाइट किंवा कॅल्साइट. प्रत्येक पोकळीत सगळे थर असतात असं मुळीच नाही, आणि पोकळी म्हणजे क्वार्ट्झ असंही नाही. कित्येक पोकळ्यांत नुसती स्टिल्बाइटसारखी झिओलाइटं असतात, कित्येक रिकाम्याच राहतात. घट्ट, एकसंध काळ्या फत्तरात तर शोधण्यात अर्थच नसतो.

याच भागात तिसरा खडकही आहे, आणि तो सर्वांत जास्त फसवतो. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून 52 मीटर खाली कोसळते तो कलादगी गटाचा क्वार्ट्झाइट. तोडल्यावर तो साखरेच्या खड्यासारखा चमकतो, म्हणून त्याला स्फटिकाचा दगड समजतात. तो वाळूच्या कणांचा, कणांमधल्या जागा सिलिकेनेच सांधलेला खडक आहे. जागा उरलीच नाही, म्हणून टोकंही नाहीत. त्याची महती निराळी आहे. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, खानापुरावरून पुढे या क्वार्ट्झाइटच्या प्रदेशात शिरते, आणि तिच्या काठी आदिमानवाने त्याच दगडाची हत्यारं घडवली. मलप्रभेच्या खोऱ्यातला हा पुरावा पुरातत्त्वात सुप्रसिद्ध आहे. तेव्हा त्या भागात घडवलेल्या कडांचा दगड दिसला तर तो स्फटिकाच्या हौसेने उचलू नये, जागच्या जागी राहू द्यावा.

रस्त्याच्या आणि रेल्वेच्या खडीतही स्फटिक सापडल्याचं कानावर येतं. सापडूही शकतात, पण खडी दूरच्या खाणीतून आणलेली असते. गुंजी स्टेशनालगतच्या काळ्या खडीत एखादी स्फटिकभरली पोकळी मिळाली, तर तिच्यावरून गुंजीच्या भूगर्भाविषयी काहीच सिद्ध होत नाही. शिवाय रुळांच्या हद्दीत शिरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, हे वेगळंच.

ओळखीच्या बाबतीत सर्वांत जुना भ्रम हिऱ्याचा. काचेवर ओरखडा उठला की हिरा, ही कसोटी आजही सांगितली जाते. मोह्सच्या प्रमाणात क्वार्ट्झची कठीणता 7 आहे आणि साध्या काचेची साडेपाचच्या आसपास, त्यामुळे गारगोटीही काच सहज कापते. हिरा त्याच प्रमाणात 10 वर असतो, त्याची घनता 3.5 आणि क्वार्ट्झची 2.65. हिऱ्याचा नैसर्गिक आकार बहुधा आठ पृष्ठांचा, दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा. सहा बाजूंचा, आडव्या रेषांचा खांब दिसला की हिऱ्याचा विषय तिथेच संपला. आंध्रात जोन्नागिरी-वज्रकरूरच्या शेतांत पावसाळ्यात लोक हिरे शोधतात आणि कधीमधी ते मिळतातही, कारण त्या टापूत किंबरलाइट हा हिऱ्यांचा खडक आहे. तिथल्या बातम्या वाचून इथली गार पारखण्यात हशील नाही. खरा घोटाळा पांढऱ्या खनिजांच्या आपसांतल्या ओळखीत होतो. कॅल्साइट चाकूने ओरखडतं आणि सौम्य आम्लाचा थेंब पडला की फसफसतं. क्वार्ट्झवर दोन्हींचा परिणाम होत नाही. कॅल्साइट तिरकस, गुळगुळीत पाट्यांत फुटतं, क्वार्ट्झ बाटलीच्या जाड काचेसारखं वक्र फुटतं. अॅपोफिलाइट तर भल्याभल्यांना चकवतं, पण त्याचा खांब चौकोनी असतो, बाजूंवरच्या रेषा उभ्या असतात आणि आडवी फूट मोत्यासारखी झळाळते. बाजू मोजाव्यात, रेषांची दिशा पाहावी. भिंगाशिवायही एवढं जमतं.

स्फटिक जमिनीत वाढत असतो, काढला तरी पुन्हा येतो, हा समज ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण नुकसान यानेच जास्त होतं. घड्याळांसाठी क्वार्ट्झ कारखान्यात वाढवतात तेव्हा पोलादी भांड्यात 350 अंशांच्या आसपास तापमान आणि हजार वातावरणांहून अधिक दाब ठेवावा लागतो, द्रावण अल्कधर्मी करावं लागतं, आणि एवढं करूनही वाढ दिवसाला मिलिमीटरभराच्या आसपासच असते. शेतातल्या उघड्या शिरेला यातलं काहीच मिळत नाही. तिथून गेलेला गुच्छ कायमचा गेला. त्याचबरोबर क्वार्ट्झ फार कठीण म्हणून कसंही ठोकलं तरी चालतं, असं समजणारे आहेत. कठीणता म्हणजे ओरखड्याला विरोध. आघात सोसण्याची ताकद वेगळी. क्वार्ट्झ ठिसूळ आहे, टोकावर एक ठोका चुकला की कपची उडते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. म्हणून पोकळी दिसली तर तिच्यापासून लांब, भोवतालच्या खडकावर काम करावं आणि गुच्छ बुडाच्या खडकासकट सुटू द्यावा. बुडाचा खडक गेला की तो कुठल्या भिंतीवर वाढला हा पुरावाही जातो.

रंगाबद्दल थोडक्यात. ॲमेथिस्टचा जांभळा रंग लोह आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांतून येतो, धुरकट क्वार्ट्झचा ॲल्युमिनियम आणि किरणोत्सर्ग यांतून. जांभळा स्फटिक तापवला की बहुधा पिवळा होतो आणि बाजारातला बराचसा पिवळा क्वार्ट्झ असाच केलेला असतो. खंबायतचे कारागीर अकीक भाजून लाल करत आले आहेत, ती जुनी आणि उघड कला आहे. इंद्रधनुषी झाक असलेले गुच्छ मात्र धातूचा सूक्ष्म लेप चढवलेले असतात, आणि ते निसर्गाचे म्हणून विकणं ही फसवणूक आहे. गुच्छाच्या अंगी ऊर्जा असते या दाव्याला हल्ली घड्याळाचा दाखला देतात. 1880 मध्ये जाक आणि पिएर क्युरी यांनी दाखवलं की क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. उलट वीज दिली की तो कंप पावतो, आणि घड्याळातला तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. पण घड्याळातली ऊर्जा सेलमधून येते. सेल संपला की स्फटिकासकट घड्याळ बंद पडतं. स्फटिकाचं शिवलिंग किंवा माळ पूजणाऱ्याची श्रद्धा हा त्याचा प्रश्न आहे आणि तिला भौतिकशास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. आजारी माणसाला औषधाऐवजी उशाशी गुच्छ ठेवायला सांगणारा मात्र भौतिकशास्त्राचं नाव घेऊन त्याच्या जिवाशी खेळतो.

जमिनीवर पडलेला दगड कुणाच्याच मालकीचा नसतो, ही समजूत कायद्यात टिकत नाही. गुंजीचा परिसर जंगलाला लागून आहे आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला 2011 मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य आहे. कर्नाटकाच्या 1963 च्या वन कायद्यात, तसंच महाराष्ट्रात लागू असलेल्या 1927 च्या भारतीय वन कायद्यात, वनातले दगड आणि खनिजं ही वनोपज मानली आहेत. परवानगीशिवाय ती हलवता येत नाहीत. अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधनं त्याहून कडक आहेत. खासगी जमिनीत मालकाची संमती लागते, पण खनिजावरचा हक्क सरकारचा असल्याने नुसत्या संमतीने खोदकाम करता येत नाही. 2015 मध्ये क्वार्ट्झ गौण खनिजांच्या यादीत गेलं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने त्याला फेल्स्पार, अभ्रक आणि बॅराइट यांच्यासह पुन्हा प्रमुख खनिजांत आणलं. खिशात घातलेला एक खडा म्हणजे खाणकाम का, असं कुणी विचारेल. त्या एका खड्यामागे कुणी खटला भरेल असं मलाही वाटत नाही. पण जी शीर दहाजणांना ठाऊक होते ती एका हिवाळ्यात उकरली जाते, आणि ओढ्याकाठची दरड उकरली की पुढच्या पावसात बांधही जातो, त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

याच्या विरोधात संग्राहकांचा एक मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. दगडखाणीत सुरुंग लागल्यावर जे बाहेर पडतं ते तासाभरात क्रशरमध्ये जातं. तिथला गुच्छ उचलला नाही तर त्याची खडीच होते. हे खरं आहे. दख्खनच्या खनिजांची जगभरची कीर्ती या अशा वाचवलेल्या नमुन्यांवरच उभी आहे. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेमार्गासाठी कातळ फोडला गेला, तेव्हा तिथली झिओलाइटं परदेशी संग्रहालयांत पोचली. कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ओळखलं गेलं, पण त्याचे सर्वोत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून आले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनची खनिजं एकत्र पाहायला मिळतात. हौशी माणसाने हातोडा विकत घेण्याआधी ते पाहावं. म्हणून निपाणी-कोल्हापूरकडच्या चालू खाणीत, मालकाच्या परवानगीने, काम थांबलेलं असताना, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा लावून फोडलेल्या मालात शोधणं हा मला सर्वांत निर्मळ मार्ग वाटतो. दरडीखाली उभं राहू नये, न उडालेल्या सुरुंगाच्या भोकाजवळ फिरकू नये.

घरी आणल्यावरची एक चूक जिवावर बेतू शकते. क्वार्ट्झ शुद्ध असतं म्हणून त्याची धूळही निरुपद्रवी, असं गृहीत धरून लोक कोरड्या ग्राइंडरवर बूड घासतात. हीच धूळ सिलिकोसिस घडवते. खंबायतच्या अकीक कामगारांनी त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून आत जाणारी स्फटिकी सिलिका 1997 मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत घातली. घासायचंच असेल तर पाणी सोडून घासावं, तोंडाला योग्य मास्क असावा. माती काढायला पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. लोखंडाचे तांबडे डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात, पण ते विषारी आहे; मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावं. वर कॅल्साइट किंवा झिओलाइट बसलेलं असेल तर कुठल्याही आम्लाला हात लावू नये, कारण पोकळीतला शेवटचा अध्याय त्यात विरघळून जाईल.

आणि प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवी. गाव, खाण किंवा ओढा, कुठला खडक, शीर की पोकळी, खडकाला चिकटलेला मिळाला की सुटा, तारीख. नुसतं ‘बेळगाव’ लिहून भागत नाही, कारण एकाच जिल्ह्यात धारवाडी शिस्ट, कलादगी क्वार्ट्झाइट आणि दख्खनचा बेसॉल्ट असे तिन्ही आहेत, आणि गुच्छ कसा झाला याचं उत्तर प्रत्येकात वेगळं आहे. रॉबर्ट ब्रूस फूट याने या दक्षिण मराठा मुलखाच्या भूशास्त्राचा ग्रंथ 1876 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला. त्यात खडक गावांच्या आणि नद्यांच्या नावांसह नोंदलेले आहेत, म्हणून आजही त्या जागी जाऊन त्याचं म्हणणं पडताळता येतं. त्याने जमवलेली दगडी हत्यारं चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्या छापील सूचीत ती कुठे मिळाली हेही दिलेलं आहे.